सड्यावरचा वसंत : दीपकाडीच्या कांद्याचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याचं पत्र आलं. गृहस्थ मूळचे रत्नागिरीचे, आता परदेशात असतात. त्यांच्या तिकडच्या अंगणात मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळलं की ट्युलिप, डॅफोडिल, हायसिंथ असे कंद जमिनीतून वर येतात. त्यांनी विचारलं होतं, "सर, रत्नागिरीला आमच्या घराच्या अंगणात आईसाठी वसंतात फुलणारा असा एखादा वेगळा कंद लावता येईल का?"

प्रश्न बागकामाचा आहे, आणि मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या प्रश्नात एक इतिहास दडलेला आहे आणि त्या इतिहासात माझी स्वतःची एक चूकही आहे. म्हणून आजचं व्याख्यान त्यावरच.

आधी सोपं उत्तर देऊन टाकतो. ट्युलिप आपल्याकडं फुलणार नाही. त्या कांद्याला फुलायच्या आधी बारा-चौदा आठवडे चांगली थंडी लागते. काही हौशी मंडळी कांदे फ्रीजमध्ये ठेवून एखादं वर्ष फूल मिळवतात, पण पुढच्या वर्षी हात रिकामे. ते फूल आपल्या हवेतलं नाही.

मग आपल्या हवेतला वसंत कोणता, हे विचारायला हवं. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात येतो. आंबा पिकतो, काजू पिकतो, पळस-पांगारा फुलून गेलेला असतो. वृक्षांचा वसंत तो खरा. पण कांद्याचा वसंत वेगळा असतो. कांदा म्हणजे झाडानं जमिनीखाली बांधलेली शिदोरी. वर्षातला मोठा काळ जगण्यासारखा नसतो, म्हणून झाड पानं टाकून देतं, सगळं सत्त्व कांद्यात भरतं आणि निजून राहतं. मध्य आशियातल्या ट्युलिपचे वैरी दोन : उन्हाळ्याचा कोरडेपणा आणि हिवाळ्याची गोठवणारी थंडी. या दोहोंच्या मधल्या चार-सहा आठवड्यांच्या फटीत तो उगवतो, फुलतो, बी धरतो. त्या फटीला तिकडं वसंत म्हणतात.

आता आपला सडा डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबरात पाऊस गेला की मे अखेरपर्यंत पाण्याचा थेंब नाही. जांभ्याचा कातळ दुपारी अनवाणी पायाला चटके देतो. जूनमध्ये पाऊस येतो आणि चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. म्हणजे सड्यावरच्या कांद्याची फट उघडते ती मृगाच्या पहिल्या सरींनी. त्याचा वसंत जूनमध्ये. आणि त्या वसंतात फुलणारा कंद आपल्याकडं आहे. त्याचं नाव दीपकाडी.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की कातळावरच्या ओंजळभर मातीतून पातीसारखी लांब, अरुंद पानं येतात. त्यांच्यामधून एक सरळ दांडा वर येतो आणि त्यावर मोजकीच, पण झाडाच्या मानानं मोठी, पांढरीशुभ्र सुगंधी फुलं लागतात. जून-जुलैत हा सोहळा आटोपतो. मग हिरवी बोंडं, त्यांत काळं बी. पाऊस सरता सरता पानं पिवळी पडतात आणि कातळावर काहीही शिल्लक दिसत नाही. नैसर्गिकरीत्या ही जात आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांचीच. जगात दुसरीकडं तिचं घर नाही.

तिचं नाव ऐकलं की वाटतं, किती सुंदर मराठी शब्द! दीप आणि काडी. हिरव्या काडीवर लावलेला दिवा. मीही कित्येक वर्षं वर्गात उदाहरण देत असे की बघा, लोकांनी किती नेमकं नाव दिलं आहे. पुढं कळलं की हे नाव लोकांनी दिलेलंच नाही. ते शास्त्रीय नाव आहे, 'दिपकाडी', आणि ते आलं आहे तुर्की मुलुखाकडून.

या नावाचा प्रवास थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या बादशहाचा वकील बुसबेक हा ऑटोमन सुलतानाच्या दरबारी कॉन्स्टँटिनोपलला होता. त्या काळात तिथल्या बागांमधले कंद व्हिएन्नाला जाऊ लागले. क्लुसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५७३ मध्ये व्हिएन्नाच्या शाही बागेवर नेमला गेला, आणि १५९३ मध्ये तो हॉलंडमध्ये लायडनला आला. हॉलंडमध्ये ट्युलिपची आवड रुजली ती मुख्यतः त्याच्यामुळं. पुढं कांद्यांच्या किमतींचा फुगा झाला आणि १६३७ च्या फेब्रुवारीत तो फुटला, ही गोष्ट अर्थशास्त्राचे विद्यार्थी अजून शिकतात. तर याच पूर्वेकडच्या कंदांमध्ये मस्कारी नावाचा एक छोटा, कस्तुरीच्या वासाचा कंद होता. वसंतातच फुलणारा. त्याचं पूर्वेकडचं एक नाव होतं दिपकाडी.

१७९० मध्ये जर्मनीतल्या मानहाइमच्या बागेचा प्रमुख मेडिकुस यानं ते नाव उचललं आणि मस्कारीच्या नात्यातल्याच, पण वेगळ्या अशा एका कुळीला ते देऊन टाकलं. एकाचं नाव दुसऱ्याला लागलं. आपल्याकडं दत्तक गेल्यावर मुलाचं नाव बदलतं, तसंच काहीसं.

आपल्या कोकणातल्या जातीची नोंद झाली १८५० साली. निकोल अलेक्झांडर डाल्झेल नावाचा स्कॉटिश माणूस १८४१ मध्ये मुंबईला जकात खात्यात नोकरीला आला. हुद्दा जकातीचा आणि नाद झाडांचा. पुढं तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. त्यानं ही वनस्पती सर विल्यम हूकर यांच्या नियतकालिकात 'युरोपेटॅलम कोंकनेन्स' या नावानं प्रसिद्ध केली. पुढं वीसेक वर्षांनी क्यूच्या बेकर यांनी ती दिपकाडी या कुळीत नेली आणि नाव झालं 'दिपकाडी कोंकनेन्स'. कुळी तुर्की नावाची, जात कोकणच्या नावाची. विसाव्या शतकात आपल्या मराठी अभ्यासकांनी ते देवनागरीत लिहिलं, कोणीतरी पहिला 'दि' दीर्घ केला, आणि परका शब्द एका वेलांटीनं मराठी झाला. कागदावरच्या एका खुणेनं शब्दाला अर्थ मिळाला, आणि तो अर्थ फुलाला शोभला. मला हे फार आवडतं.

डाल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांनी मिळून १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ काढला. हा गिब्सन पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक होता. त्यानं १८४७ ते १८५० या काळात एका देशी चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचं नाव मात्र कुठं नोंदलेलं नाही. डाल्झेलला सड्यावर वाट दाखवणारेही कोणी असतीलच. गुराखी असतील, बिगारी असतील. नाव कुणाचं राहतं आणि कुणाचं नाही, हा इतिहासाचा जुना प्रश्न इथंही आहेच.

आता त्याच दशकातली दुसरी गोष्ट बघा. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन मोजणीचे आणि आकारणीचे नियम एकत्र करणारा अहवाल झाला. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन हे त्याचे कर्ते. शेताला नंबर द्यायचा, मातीची प्रत ठरवायची, आणि त्यावर सारा. ज्या तुकड्यात पीक येणार नाही तो वजा करायचा. त्या वजा तुकड्याचं नाव पोटखराबा. आज तुमच्या-माझ्या सातबारावर हा शब्द आहे तो तिथून चालत आलेला आहे.

एकाच मुलखाकडं एकाच काळात दोन माणसं बघत होती. एकजण विचारत होता, इथून किती सारा येईल? दुसरा विचारत होता, इथं काय उगवतं? पहिल्याच्या कागदावर सडा 'खराबा' झाला. दुसऱ्याच्या कागदावर त्याच सड्यावर जगात अन्यत्र नसलेलं फूल उमटलं. पुढची दीडशे वर्षं कचेऱ्यांत चालला तो पहिला कागद. मी त्या अधिकाऱ्यांना दोष देत नाही. त्यांचा प्रश्न साऱ्याचा होता आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी बरोबर दिलं. घोटाळा असा झाला की एका प्रश्नाचं उत्तर आपण सगळ्या प्रश्नांचं उत्तर समजलो. 'पीक नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा झाला.

इथं मला माझ्या विषयाकडं वळू द्या, फार वेळ घेत नाही.

आपल्या दर्शनांमध्ये 'नसणं' कसं कळतं यावर मोठा वाद आहे. जमिनीवर घडा नाही, हे मला कशानं कळलं? कुमारिल भट्टांचे मीमांसक म्हणतात, घडा न दिसणं हेच एक स्वतंत्र प्रमाण आहे, त्याचं नाव अनुपलब्धी. नैयायिक म्हणतात, स्वतंत्र प्रमाण मानायची गरज नाही, प्रत्यक्षातच ते येतं. पण एका अटीवर दोघंही ठाम आहेत. नुसतं न दिसणं पुरत नाही. ती वस्तू तिथं असती तर दिसायलाच हवी होती, अशी परिस्थिती असली पाहिजे. पुरेसा उजेड हवा, मध्ये आडोसा नको, आणि वस्तू दिसण्याजोगी हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही.

आता सांगा, एप्रिल महिन्यात सड्यावर उभं राहून "इथं काही नाही" म्हणणारा माणूस कोणत्या खोलीत उभा आहे? कांदा त्याच्या पायाखाली चार बोटांवर निजलेला आहे. तो दिसण्याजोगा नाहीच. तेव्हा एप्रिलमधलं न दिसणं हे काहीच सिद्ध करत नाही. आणि आपल्याकडं मोजणी, पाहणी, खरेदीचे व्यवहार, सगळं कधी होतं? उन्हाळ्यात. पावसात सड्यावर कोण जातो!

हे मी शहाणपणानं बोलतोय खरं, पण मीही तेच केलं आहे. ती गोष्ट आता सांगतो.

१९८६ च्या जुलैत मी काही विद्यार्थ्यांबरोबर रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही. तिथं दीपकाडीची शंभरेक झाडं फुललेली होती. पाऊस थांबलेला, वर ढग, आणि काळ्या कातळावर ती पांढरी फुलं. मोह आवरला नाही. काठीनं खणून एक कांदा काढला आणि रुमालात बांधून घरी आणला.

घरी गुलाबाच्या वाफ्यात लावला. शेणखत घातलं, रोज पाणी घातलं. पानं ऑक्टोबरात पिवळी पडली तेव्हा वाटलं, पाणी कमी पडतंय. आणखी घातलं. फेब्रुवारीत माती उकरून बघितली तर कांद्याचा लगदा झालेला. सड्यावर ज्याला आठ महिने कोणी पाणी विचारत नाही, त्याला मी लाडानं मारला.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्या सड्यावर गेलो. तिथं गुरं राखणारे एक आजोबा भेटत. त्यांना झाल्या प्रकाराबद्दल सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "सर, सड्यावरच्या कांद्याला सड्यासारखंच ठेवा. दिवाळी झाली की त्याला विसरून जायचं." त्यांनीच एका चिरेखाणीच्या कडेला उपटून पडलेले दोन कांदे मला दिले.

त्यांच्या सांगण्याप्रमाणं केलं. ज्यांना कृती हवी त्यांनी लक्ष द्या. मातीची पसरट कुंडी घेतली, तळाला मोठं भोक. निम्म्याहून जास्त जांभ्याचा चुरा आणि बारीक खडी, उरलेली सड्यावरच्यासारखी लाल माती. खत शून्य. कांदा दोन-तीन बोटं खोल. मृगापासून कुंडी उघड्यावर, सगळा पाऊस अंगावर. पाणी साचता कामा नये, एवढंच बघायचं. पानं पिवळी पडू लागली की कुंडी पडवीत, वळचणीच्या आत, आणि त्यानंतर जूनपर्यंत पाण्याचा एक थेंब नाही. आमच्या सौभाग्यवतींनी त्या कुंडीवर खडूनं लिहून ठेवलं होतं, 'झोपलाय, उठवू नये.' कारण आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशी सवयीनं सगळ्या कुंड्यांना पाणी घालत.

आणि १९८८ च्या जूनमध्ये फूल आलं. पुढं बी धरलं, ते त्याच कुंडीत पेरलं. रोपांनी तीन-चार पावसाळे नुसती पातीसारखी पानं दाखवली, मग फुलली. आजही आमच्या पडवीत त्या वंशाच्या पाच कुंड्या आहेत.

गोष्ट इथं संपली असती तर ती गोड झाली असती. पण १९९० मध्ये राज्य सरकारनं रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आणली. पडीक जमिनीवर आंबा-काजू लावायला शंभर टक्के अनुदान. त्या योजनेनं कोकणातल्या कित्येक घरांत पैसा आणला, मुंबईची वाट थोडी कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सड्याचा मालकही माणूसच आहे, त्यालाही मुलाबाळांचं बघायचं आहे. पण कातळावर कलम लावायचं म्हणजे सुरुंग लावून खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची. काही ठिकाणी चिऱ्याच्या खाणी आधीच होत्या, त्या वाढल्या.

१९९४ च्या एप्रिलमध्ये 'माझ्या' सड्याच्या मालकानं मला सहज विचारलं, "सर, तुम्ही एवढे येता इथं, या जागेत जपण्यासारखं काही आहे का? कलमं लावायचा विचार आहे." मी त्याच्याबरोबर सडा फिरलो. उन्हात सगळं करपलेलं. मनात आलं, पावसात इथं फुलं असतात हे सांगावं. पण त्या माणसाच्या बागेपुढं माझं फूल मला फार क्षुल्लक वाटलं. मी म्हणालो, "नाही, तसं विशेष काही नाही." योग्यानुपलब्धी वर्गात वीस वर्षं शिकवणारा मी, कांदे पायाखाली आहेत हे पक्कं ठाऊक असताना, हे वाक्य बोललो.

आज तिथं बाग आहे. चांगली बाग आहे. दीपकाडी नाही.

अभावाचे प्रकार सांगताना आपले नैयायिक एक भेद करतात. वस्तू उत्पन्न होण्याआधी नसते तो प्रागभाव, त्याला शेवट असतो. वस्तू नष्ट झाल्यावर नसते तो प्रध्वंसाभाव, त्याला सुरुवात असते आणि शेवट नसतो. मे महिन्यातल्या सड्यावर फूल नसतं, तो पहिल्या जातीचा अभाव, मृग आला की संपतो. सुरुंगानंतरच्या सड्यावर फूल नसतं, तो दुसऱ्या जातीचा. उन्हाळ्यात बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून कधी बघायचं हे ठाऊक असणं हाच ज्ञानाचा मोठा भाग आहे.

कोणी म्हणेल, सर, तुमच्या पाच कुंड्या आहेत ना, मग वाचली की दीपकाडी! कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्यासारखी अभ्यासकांची काळजीपूर्वक केलेली लागवड मोलाची आहे, त्यात शंका नाही. पण माझ्या पडवीतली दीपकाडी ही घरात लावलेल्या पूर्वजांच्या तसबिरीसारखी आहे. सड्यावर तिच्या पाठोपाठ ऑगस्ट-सप्टेंबरात सीतेची आसवं येतात, गेंदाची फुलं येतात, पाण्याच्या डबक्यांत बेडूक येतात, फुलांवर किडे-पाखरं येतात. कुंडीत यातलं काही येत नाही.

आणि सडा नुसता फुलांचा नाही. याच कातळावर आपल्या पूर्वजांनी हत्ती, मासे, माणसांच्या आकृती कोरल्या. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, उक्षी, जांभरूण इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती शिल्पंही शतकानुशतकं तिथंच होती. गावकऱ्यांना ठाऊक होती, सातबाराला ठाऊक नव्हती. ज्या जमिनीला कागदानं खराबा म्हटलं, तिथं माणसांनी हजारो वर्षांपूर्वी उभं राहून काहीतरी पाहिलं आणि ते दगडात लिहून ठेवलं. त्यांनीही पहिल्या पावसानंतरची ही पांढरी फुलं पाहिली असतील, असं मला आपलं वाटतं.

आता पत्रलेखकांना उत्तर. तुमच्या आईंसाठी अंगणात कंद हवा असेल तर निशिगंध लावा, तोही मेक्सिकोहून आलेला पाहुणाच, पण आता घरचा झाला आहे. मे महिन्यात लाल चेंडूसारखं फुलणारी फुटबॉल लिली लावा, ती आफ्रिकेची. रोपवाटिकेत दोन्ही मिळतात. दीपकाडीचा कांदा मात्र सड्यावरून खणून आणू नका. मी आणला, ती चूक होती. कोणाच्या कुंडीतलं बी मिळालं तर जरूर पेरा आणि तीन-चार पावसाळे धीर धरा.

आणि आईंना हिंडणं झेपत असेल तर जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जवळच्या एखाद्या सड्यावर घेऊन जा. फुलं दिसली तर मोजा, फोटो काढा, तारीख लिहा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती उघडून बघा, आणि त्यात त्या सड्याच्या पानावर ही नोंद आहे का ते पाहा. नसेल तर करून घ्या. सर्व्हे नंबर घाला. सातबारावर खराबा लिहिलेल्या तुकड्याचं दुसरं नाव निदान एका सरकारी वहीत असू दे. उद्या एप्रिलमध्ये कोणी विचारलं, इथं काही आहे का, तर उत्तर माझ्यासारख्याच्या भिडस्तपणावर अवलंबून राहायला नको.

मृगाला अजून अवकाश आहे. आमच्या कुंड्या पडवीत झोपलेल्या आहेत. प्रश्न असतील तर विचारा.